नमुन्याचा तंबू

मी एक तंबू. सर्कशीचा नव्हे, त्यामुळे माझ्या पोटात कधी हत्ती नाचलेला नाही. सैन्याचाही नव्हे, त्यामुळे माझ्या अंगावर शौर्याचं एकही भोक नाही. एक भोक आहे, पण ते जन्मापासूनचं आहे, आणि त्यावरून काय रामायण घडलं ते पुढे सांगतोच.

सरकारी कागदांत माझं नाव 'मदतवस्तू, नमुना' असं आहे. माणसं मला नुसतं 'नमुना' म्हणतात. माझी हरकत नाही. पण ज्या मंडळींच्या सहवासात मी दिवस काढले ती पाहता हे नाव एकट्या माझ्याच वाट्याला यावं, हे काही बरोबर वाटत नाही.

माझा जन्म घाईत झाला. शेजारच्या देशात, डोंगरातल्या गावांत मोठा भूकंप झाला होता. आमच्या मंत्र्यांनी पडलेली घरं टीव्हीवर पाहिली, आणि नेमका तेव्हाच समोर माइक होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. "थंडीच्या आत सहाशे तंबू पाठवतो," म्हणाले. मनापासून म्हणाले हो, त्यात खोट नव्हती.

गावाबाहेरच्या कारखान्यात मशिनं रात्रंदिवस चालू झाली. मला शिवणाऱ्या दोघी एकमेकींच्या जावा होत्या आणि त्यांचा अबोला चालला होता. कशावरून ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण हिच्यापेक्षा माझी शिवण सरस दिसली पाहिजे, या ईर्ष्येने दोघींनी असे काही दुहेरी टाके घातले की आजतागायत माझा एक धागा उसवलेला नाही. जाड कॅनव्हासचं अंग, आतून उबदार अस्तर, दाराला झडप, आणि छताला शेगडीचं धुराडं बाहेर काढायला गोल भोक. घडी घालून बांधलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. आता डोंगरात जायचं, बर्फ अंगावर घ्यायचा, आत एखादं घर वसवायचं.

विमानतळाजवळच्या गोदामात आम्ही सहाशे भावंडं ट्रकांची वाट पाहत पडलो. ट्रक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ लेखापरीक्षकही आले. माणूस सज्जन होता. त्यांनी आमच्या ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे कोणत्या कायद्याखाली देताय?"

कुणाला सांगता येईना. झालं होतं असं की आमचा देश बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या रांगेत होता. कुणी दवाखाने बांधून दिले, कुणी पूल. घ्यायचं कसं, त्याचे नियम इथे तोंडपाठ होते. आता चार पैसे हाताशी आले, देण्याची इच्छाही झाली, पण द्यायचं कसं याचा कायदाच नव्हता. सरकारी वस्तू विकता येत होती, लिलावात काढता येत होती, निकामी ठरवून फेकताही येत होती. देशाबाहेरच्या माणसाला नुसती देता येत नव्हती.

एका हुशार अधिकाऱ्याने सुचवलं, "तंबू निकामी ठरवू आणि पलीकडे फेकून देऊ." लेखापरीक्षक म्हणाले, "निकामी माल सीमेपार नेता येत नाही." ट्रक रिकामे परत गेले.

मग ठरलं, कायदाच करायचा. त्याचं नाव 'परदेशी विकास सहकार्य व मानवतावादी मदत विधेयक'. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेतली म्हणा ना. पण लोक ती कधीच खोदत नाहीत, त्या मानाने हे बरंच म्हणायचं. नमुना समोर असावा म्हणून मला उचलून सचिवालयात आणलं आणि एका रिकाम्या दालनात उभं केलं. छत कमी पडलं. म्हणून मधल्या अंगणात आणलं. माळी आणि दोन पहारेकरी यांनी मला तीनदा उलटं उभं केलं, चौथ्यांदा वैतागून सोडून दिलं आणि तेव्हाच मी सुलटा उभा राहिलो.

विधेयकाचा मसुदा करायचं काम कायदा खात्यातल्या एका बाईंकडे आलं. सगळे त्यांना मसुदेबाई म्हणत. केसांत पांढऱ्या बटा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलताना समोरच्याच्या वाक्यात स्वल्पविराम घालायची सवय. त्यांची कामाची पद्धत त्या खात्यातल्या सर्वांची असते तीच. नवा कायदा कुणी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. जुना जवळपासचा कायदा घ्यायचा, त्याच्या मापाने नवा बेतायचा. आता सरकारी वस्तू देशाबाहेर पाठवायचा आमच्याकडे एकच कायदा होता. संग्रहालयातल्या मूर्ती आणि चित्रं परदेशी प्रदर्शनाला पाठवण्याचा.

मसुद्याची सुरुवातीची पानं बाईंनी स्वतः लिहिली. चांगली लिहिली. राज्याला मदत देता येईल. मैत्री बघून नव्हे, गरज बघून देता येईल. काय दिलं आणि त्याचं पुढे काय झालं ते दरवर्षी सभागृहाला सांगावं लागेल. नुसते तंबूच नव्हेत, विहिरी, शाळा, दाया आणि डॉक्टरांचं शिक्षण, सगळं त्यात आलं. मागची पानं मात्र, खातं घाई करत होतं म्हणून, जुन्या कायद्यातून जशीच्या तशी उचलली. जिथे 'कलावस्तू' होतं तिथे 'मदतवस्तू' घातलं आणि मसुदा पुढे पाठवला.

त्या पानांमुळेच संग्रहालयवाले आमच्याकडे आले. त्यांनाही आधी काही उलगडेना. पण मसुद्यात स्पष्ट लिहिलं होतं की मदतवस्तूंची पाहणी संग्रहालयाच्या प्रमुखांनी करावी. लिहिलंय म्हटल्यावर प्रमुख स्वतः यायला लागले. उंच, वाकलेले, हातांत पांढरे मोजे. भिंग लावून माझं अंग न्याहाळायचे आणि वहीत लिहायचे, "अवस्था उत्तम." एकदा त्यांना छताचं भोक दिसलं. त्यांचा चेहरा असा पडला की माझंच मन कळवळलं. "हानी झाली आहे," ते पुटपुटले आणि रफू करायला दोन कारागीर घेऊन आले. मसुदेबाईंनी धावत येऊन भोक वाचवलं.

अर्थ खात्याच्या माणसालाही त्या भोकाचं कोडं पडलं होतं. "नव्या तंबूला भोक कसं? मालात खोट आहे," असं त्याचं म्हणणं. त्यावर एक बैठक झाली. प्रसिद्धी खात्याला माझ्या चारही बाजूंना देशाचं नाव हवं होतं, तेही आभाळातून दिसेल एवढं. त्यावर तीन झाल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण इथे प्रत्येक विघ्नासाठी चहाही येत होता.

मसुदेबाई दुपारचा डबा खायला माझ्यात येऊन बसत. कचेरीत गलका असे, आणि त्यांना फोन करायचा असे. फोन त्यांच्या ताईचा. ही ताई लग्न करून पलीकडच्या देशात, नेमकी त्याच डोंगरात राहायला गेली होती. तिचं घर पडलं होतं. घरातली सगळी माणसं शाळेच्या व्हरांड्यात पोती लावून राहत होती. बाईंनी कचेरीत हे कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या माणसासाठी कायदा करतेय असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. मला मात्र सगळं ऐकू यायचं.

ताई भारी बोलायची. "धाकटे, तुझा कायदा कुठवर आला?"

"खात्यांची मतं मागवलीत."

"मागव, मागव. इथे आम्ही मुळीच घाई करत नाही. बर्फालाही सांगून ठेवलंय, जरा दमाने घे म्हणून."

"ताई, चेष्टा नको ना."

"चेष्टा नको तर काय करू? काल एका देशाची मदत आली. पेटी उघडली तर आत पोहायचे पोशाख. बर्फात. माझ्या सुनेने त्यातला एक डोक्याला बांधलाय, कान झाकायला. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय बघ. अगं, पाठवायच्या आधी एकदा विचारा तरी, काय हवंय म्हणून."

बाईंनी त्याच दिवशी मसुद्यात नवं कलम घातलं: 'मदत पाठवण्यापूर्वी ती घेणाऱ्यांना त्यांची गरज विचारावी.' माझ्या मते त्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम तेच, आणि ते पोहण्याच्या पोशाखातून आलं.

तो हिवाळा तसाच गेला. मतं येत राहिली. एके दिवशी फोन आला तेव्हा ताई हसली नाही.

"सासूबाई गेल्या गं," ती म्हणाली. "थंडी बाधली. शेवटी शेवटी विचारत होत्या, धाकटीकडचे तंबू येणार होते ना, म्हणून."

बाईंनी डबा झाकला. माझ्या खांबाला पाठ टेकून बसल्या. मी उभा होतो, कोरडा, उबदार, रिकामा. मला माझ्या उत्तम अवस्थेची फार लाज वाटली. लाज वाटली असंच म्हणतो, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर बाई पार बदलल्या. ज्या खात्यांकडे पत्रं जात तिथे आता त्या स्वतः जाऊन बसू लागल्या. उत्तर हातात पडेपर्यंत उठत नसत. उन्हाळ्यात ताईला नात झाली, त्याच व्हरांड्यात. "एवढीशी आहे," ताई म्हणाली, "पण आवाज तुमच्या मंत्र्यांएवढा." यंदा खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत तंबू पोचले पाहिजेत, नाहीतर ती एवढीशी पोर पोत्यांच्या आडोशाने हिवाळा काढणार. बाईंच्या डोक्यात एवढं एकच होतं आणि माझ्याही.

अखेर सभागृहाने विधेयक तत्त्वतः मान्य केलं. आता ते समितीपुढे जायचं, मग शेवटचं मतदान. समितीचा एक नियम होता. तिला विधेयकातलं काही गाळता येई, नवं काही घालता येत नसे. नवा शब्द घालायचा तर सगळं पहिल्यापासून.

आणि समितीच्या आदल्या दिवशी, डबा खाता खाता, बाईंनी सवड काढून स्वतःचीच मागची पानं वाचली. अर्धी पोळी हातात तशीच राहिली.

खात्यांचं एक असतं. आपल्यापुरतं कलम वाचायचं आणि सही ठोकायची. मागची पानं कुणाचीच नव्हती, म्हणून ती कुणीच वाचली नव्हती. त्यांत लिहिलं होतं: 'मदतवस्तू ऊन, पाऊस व मानवी स्पर्श यांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची राहील.' पुढे लिहिलं होतं, मदतवस्तूजवळ शेगडी, दिवा वा अन्न नेऊ नये. आणि मदतवस्तू आहे त्या अवस्थेत परत करावी.

म्हणजे मला डोंगरात न्यायचं, आणि माझ्यावर पाऊस पडू लागला की लोकांनी मला घेऊन आडोशाला जायचं.

बाई माझ्या आत फेऱ्या मारू लागल्या. माझी लांबी पाहता त्या फेऱ्या नव्हत्या, नुसतं गरगर फिरणं होतं. त्यांचं धर्मसंकट मला दिसत होतं. गप्प राहिल्या तर उद्या विधेयक सुरळीत पुढे जाईल, तंबू निघतील. बोलल्या तर कुणीतरी म्हणेल, सगळंच परत लिहा, आणि हिवाळा हातचा जाईल. फोन त्यांनी दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. ताईला विचारलं असतं तर ती 'शेगडीशिवाय तंबू घेऊन काय करू' म्हणाली असती, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी समिती नमुना पाहायला अंगणात आली. अध्यक्ष होते आबा. वयाने सर्वांत थोरले, सभागृहात इतकी वर्षं काढलेले की खुर्च्यासुद्धा त्यांना आबा म्हणत असतील. बरोबर चारपाच सदस्य, अर्थ खात्याचा तो भोकवाला, आणि मोजे घातलेले संग्रहालयवाले. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. तेवढ्यात वरून पावसाचा सडाका आला. कचेरीची पायरी लांब होती, मी जवळ होतो. सगळे दाटीवाटीने माझ्यात शिरले. आबांना एका खोक्यावर बसवलं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला काम मिळालं होतं. मी सगळं अंग ताणून धरलं. दोन जावांचे टाके दोघींच्या भांडणाला जागले. एक थेंब आत आला नाही.

"बरा आहे की," आबा वर पाहत म्हणाले. "बाई, वाचा तुमचं विधेयक. पाऊस थांबेपर्यंत कुठे जायचंय आपल्याला."

बाईंनी चष्मा वर ढकलला. "आबा, आधी एक सांगायचंय. मागची पानं मी संग्रहालयाच्या कायद्यातून उचललीत. चूक माझी आहे. ऐका." आणि त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, ऊन, पाऊस, मानवी स्पर्श.

वर पाऊस धडाधड वाजत होता. आत नऊ माणसं एकमेकांच्या अंगाला चिकटून होती. आधी आबा हसले, आणि मग अर्थ खात्याच्या माणसालाही आवरेना.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "हे पुन्हा लिहायला घेतलं तर खिंड बंद होईल. माझी बहीण तिकडे आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या सासूबाई गेल्या. हे आधीच सांगायला हवं होतं. आता माझ्याकडून हे काम काढून घ्यायचं तर घ्या."

आबा खोक्यावर सावरून बसले. "काम कशाला काढून घेऊ? बाई, घालता येत नाही, गाळता येतं ना आपल्याला? मग गाळा. पेन्सिल आहे का कुणाकडे?"

पेन्सिल भोकवाल्याने दिली. ऊन, पाऊस, मानवी स्पर्श गेले. शेगडीची बंदी गाळली. "अच्छा, म्हणजे ते भोक शेगडीसाठी," तो स्वतःशीच म्हणाला, आणि समिती पुढे गेली. परत करण्याची अट गेली. वस्तूवर देशाच्या नावाची पाटी लावायची अटही गेली. शेवटी उरलं पाहणीचं कलम, संग्रहालयवाल्यांचं. बाई अडखळल्या. बिचाऱ्यांनी वर्षभर इमानेइतबारे फेऱ्या मारल्या होत्या.

संग्रहालयवाल्यांनी हळूच मोजे काढले. उघडा हात माझ्या भिंतीवर ठेवला. गार, सुरकुतलेला हात होता.

"माझं कलमही खोडा," ते म्हणाले. "आमच्याकडे वाट्या आहेत, पाळणे आहेत, नांगर आहेत. सगळं कुणीतरी वापरून वापरून झिजवलेलं. कोरी वस्तू आम्ही ठेवतच नाही. हा तंबू इतका चांगला आहे की पाहून वाईट वाटतं."

पाऊस थांबला तेव्हा मागच्या पानांत काही म्हणता काही उरलं नव्हतं. निदान सर्वांना तसं वाटलं. त्या आठवड्यात मतदान झालं. मंत्र्यांनी पुन्हा माइक पाहिला, पण या वेळी "कायद्याप्रमाणे" एवढंच म्हणाले. कायद्याप्रमाणे पलीकडच्या गावांना आधी विचारलं गेलं, आणि उत्तर आलं, तंबू हवेत, सोबत शेगड्याही हव्यात. पोशाख नकोत. ट्रक भरू लागले.

मी खुंट्यांतून सुटायची वाट पाहत होतो. माळी आला, त्याने दोर सोडायला हात घातला, आणि लेखापरीक्षक आले. तेच ते सज्जन. हातात छापील कायदा. मागच्या पानांतली दोन पानं त्या दिवशी माझ्यात शिरण्याआधीच भिजून एकमेकांना चिकटली होती, आणि आतलं एक कलम खोडायचं राहून गेलं होतं. 'पाठवलेल्या प्रत्येक संचातील एक नमुना राज्याकडे कायम राहील.'

"एक राहिला पाहिजे," ते ओशाळून म्हणाले. "आणि हा तर नावानेच नमुना आहे."

पाचशे नव्व्याण्णव भावंडं डोंगरात गेली. मी अंगणात राहिलो. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. रागही आला. ज्याच्या पोटात कायदा झाला त्यालाच कायद्याने अडवलं.

काही दिवसांनी बाई दुपारी आल्या. बाहेर झोंबरा वारा सुटला होता. त्यांनी झडप लावून घेतली आणि फोन कानाला लावला.

"धाकटे," ताई हलक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल, पोर आत्ताच झोपलीय."

"कुठे आहेस?"

"आत. शेगडी पेटलीय. बाहेर दोन हात बर्फ पडलाय, सूनबाईने मोजला. धुराड्यातून धूर बाहेर जातोय आणि ऊब आत राहतेय. तुझ्या लोकांनी वर काही लिहिलं नाही हे बरं केलं. लिहिलं असतं तरी आतून कुठे दिसणार म्हणा."

बाईंनी मान वर करून माझ्या छताच्या भोकाकडे पाहिलं.

"ऐकतेयस ना? सासूबाईंचं अंथरूण एका कोपऱ्यात घातलंय मी. उगीचच. असू दे म्हटलं."

"असू दे," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या तशाच बसल्या. मग चष्मा काढला, शाल अंगाभोवती ओढली, पर्स डोक्याखाली घेतली आणि आडव्या झाल्या. दीड वर्षाची झोप होती ती, बघता बघता लागली. बाहेर वारा माझ्या अंगावर थडाथड आदळत होता. मी अंगाची एक चुणीही हलू दिली नाही. कचेरीत त्यांना शोधत होते. झडपेशी कुणीतरी आलं, आत डोकावलं आणि पावलं न वाजवता निघून गेलं.

मी अजून इथेच आहे. माझं कापड उन्हाने फिकं झालंय, एका खांबाला गंज चढलाय. नवे अधिकारी मला पाहून विचारतात, हे काय मध्येच, आणि कुणीतरी त्यांना कायदा दाखवतं. माझी एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी समितीवर गेलात, तर ते एक कलम तेवढं खोडून टाका. तोवर, या अंगणातून जाताना दमला असाल, तर झडप उघडीच असते. माणूस आत झोपलं की कसं वाटतं ते मला आता ठाऊक झालंय.